शंका, प्रमाण आणि प्रोग्राम : सॉफ्टवेअर चाचणी शिकवण्यामागचा तात्त्विक प्रश्न

एखादा प्रोग्राम बरोबर आहे असे म्हणण्याचा अधिकार कशाच्या बळावर मिळतो, हा सॉफ्टवेअर चाचणीच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. वरकरणी तो तांत्रिक वाटतो. थोडे खोलात गेले की प्रमाणशास्त्रातले जुने वाद त्यात भेटू लागतात. मोजक्या उदाहरणांवरून अगणित उदाहरणांबद्दल बोलता येते का? आपल्या ज्ञानाची खात्री आपली आपल्यालाच करून घेता येते का? शंका कुठवर घ्यावी आणि कुठे थांबवावी? विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला चाचणी शिकवायची तर या तीन प्रश्नांशी त्याची गाठ पडली पाहिजे. व्याख्यानात ती क्वचितच पडते. स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या प्रकल्पात मात्र ती टाळता येत नाही, निदान टाळता येऊ नये.

मोजक्यावरून अगणिताकडे

चाचणीच्या अध्यापनात एक उदाहरण कित्येक दशके वापरात आहे. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ साली ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या आरंभीच ते दिले. प्रोग्रामला तीन पूर्णांक द्यायचे. त्या त्रिकोणाच्या बाजू आहेत असे धरून त्याने त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगायचे. या प्रोग्रामसाठी चाचण्या लिहा, एवढाच प्रश्न.

नवखा विद्यार्थी ३, ४, ५ घेतो. मग ५, ५, ५. मग ५, ५, ८. तिन्ही प्रकार झाले, तेव्हा काम संपले असे त्याला वाटते. १, २, ३ हे आकडे त्याला सुचत नाहीत. तिथे दोन बाजूंची बेरीज नेमकी तिसरीइतकी भरते आणि त्रिकोण न होता सरळ रेषा होते. ५, ५, ८ तपासल्यावर ८, ५, ५ हा क्रमही तपासायला हवा, एखादी बाजू शून्य किंवा ऋण देऊन पाहायला हवी, तीनऐवजी दोनच आकडे देऊन पाहायला हवेत. मायर्स यांनी अशा १४ प्रश्नांची यादी दिली आणि अनुभवी व्यावसायिक प्रोग्रामरांनाही सरासरी ७.८ गुणच मिळतात असे नोंदवले.

मग सगळ्याच शक्यता तपासून का पाहू नयेत? प्रत्येक बाजू ३२ बिटांचा पूर्णांक असेल तर तीन बाजूंच्या एकूण शक्यता २ चा ९६वा घात इतक्या होतात. सेकंदाला १०० कोटी चाचण्या चालवल्या तरी त्या पुऱ्या व्हायला सुमारे अडीच लाख कोटी वर्षे लागतील. शाळेत सुटणाऱ्या प्रश्नाची ही स्थिती असेल, तर बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या प्रणालीबद्दल बोलायलाच नको. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ साली रोम येथील सॉफ्टवेअर अभियांत्रिकी परिषदेत याच मर्यादेवर बोट ठेवले: चाचणीमुळे दोष असल्याचे कळते, दोष नसल्याचे कधीच कळत नाही.

व्यभिचारी हेतू

डाइक्स्ट्रांचा मुद्दा भारतीय तर्कपरंपरेला नवा नाही. जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेला संबंध, नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) अनुमानाचा पाया मानतात. चार्वाकांचा आक्षेप असा की सर्व देशांतला आणि सर्व काळांतला धूर कोणीच पाहिलेला नसतो. मग व्याप्ती ठरली कशी? विसाव्या शतकात कार्ल पॉपर यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विज्ञानाच्या नियमांबद्दल असेच म्हटले. अनुकूल दाखले कितीही साठले तरी सार्वत्रिक विधान सिद्ध होत नाही, पण एका प्रतिकूल दाखल्याने ते खोटे ठरते. म्हणून ज्या प्रयोगात सिद्धांत कोसळू शकला असता आणि कोसळला नाही, त्याच प्रयोगाला मोल असते. चाचणी म्हणजे दोष सापडावा या हेतूने प्रोग्राम चालवणे, ही मायर्स यांची व्याख्या याच विचाराशी जुळते.

न्यायशास्त्र यापुढे एक बारकावा पुरवते, आणि अध्यापनात तो फार उपयोगी पडतो. ‘सगळ्या चाचण्या पास झाल्या, म्हणून प्रोग्राम बरोबर’ हे एक अनुमान आहे. त्यातला हेतू, म्हणजे ज्याच्या आधारे साध्य (जे सिद्ध करायचे ते) सिद्ध करतात तो आधार, तपासला पाहिजे. जो हेतू साध्य असते तिथे सापडतो आणि साध्य नसते तिथेही सापडतो, त्याला सव्यभिचार म्हणतात, आणि अशा हेतूवरून काहीही सिद्ध होत नाही. त्रिकोणाच्या प्रोग्राममध्ये दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा ‘मोठी’ हवी असे लिहिण्याऐवजी विद्यार्थ्याने चुकून ‘मोठी किंवा समान’ असे लिहिले, असे समजा. त्याच्या तिन्ही चाचण्या तरीही पास होतात. म्हणजे ‘तिन्ही पास’ हा हेतू बरोबर प्रोग्रामपाशी जसा आहे तसाच चुकीच्या प्रोग्रामपाशीही आहे. १, २, ३ ही एक चाचणी भरीस घातली की तो व्यभिचार संपतो, निदान या चुकीपुरता तरी.

चुकीचा प्रोग्राम समोर ठेवून चाचण्यांची धार पाहण्याची ही कल्पना रिचर्ड डीमिलो, रिचर्ड लिप्टन आणि फ्रेडरिक सेवर्ड यांनी १९७८ साली पद्धत म्हणून मांडली. मूळ प्रोग्राममध्ये मुद्दाम छोटे छोटे बदल करायचे, ‘मोठे’च्या जागी ‘मोठे किंवा समान’, बेरजेच्या जागी वजाबाकी, आणि लिहिलेल्या चाचण्यांपैकी एखादी तरी त्या बदलावर नापास होते का ते पाहायचे. तिला म्यूटेशन टेस्टिंग म्हणतात. अनुमानाला अन्वयाबरोबर व्यतिरेकही लागतो, हा नियम इथे यंत्राकडून राबवून घेतला जातो. बरोबर असेल तिथे पास, हा झाला अन्वय. चूक असेल तिथे नापास, हा व्यतिरेक. तो दाखवता आल्याशिवाय पासचा शेरा कोरा राहतो.

सिद्धता पुरेशी का नाही

चाचणीने पूर्ण खात्री होत नसेल तर गणिती सिद्धता द्यावी, असा एक मार्ग टोनी होअर यांनी १९६९ साली मांडला. प्रोग्रामपूर्वीची अट आणि प्रोग्रामनंतरची अट लिहायची आणि पहिलीतून दुसरी निष्पन्न होते हे तर्काने दाखवायचे. त्या मार्गाने मोठे काम झाले आहे. पण प्रोग्राम ही वस्तू कागदावरही असते आणि यंत्रातही चालते. तत्त्वज्ञ जेम्स फेट्झर यांनी १९८८ साली नेमका हा भेद पुढे आणला: सिद्धता कागदावरच्या रचनेची होते, यंत्रात काय घडेल हे अनुभवानेच कळते.

क्रमवार लावलेल्या यादीत मधोमध पाहत शोध घेण्याची रीत, म्हणजे बायनरी सर्च, याचा उत्तम दाखला आहे. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात तिची शुद्धता तर्काने मांडून दाखवली होती. तीच रीत जावा भाषेच्या लायब्ररीतही होती. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी तिच्यात दोष असल्याचे जाहीर केले. मधले स्थान काढण्यासाठी दोन टोकांचे क्रमांक मिळवून त्यांना दोनाने भागले होते. यादीत १०० कोटींहून अधिक नोंदी असल्या की ती बेरीज ३२ बिटांत मावत नाही आणि ऋण होते. गणितातल्या पूर्णांकांना कमाल मर्यादा नसते, यंत्रातल्या पूर्णांकांना असते, एवढ्या फटीतून दोष आत शिरला होता. त्रिकोणाच्या प्रोग्रामला जावामध्ये तिन्ही बाजू २०० कोटी दिल्या तर तेच होते: दोन बाजूंची बेरीज ऋण निघते आणि उघड समभुज असलेला त्रिकोण ‘त्रिकोणच नाही’ असा ठरतो. विद्यार्थ्याने हे एकदा पडद्यावर पाहिले की तर्क आणि प्रत्यक्ष ही दोन्ही प्रमाणे का लागतात, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

स्वतःचे काम, परतः प्रामाण्य

ज्ञानाचे प्रामाण्य कुठून येते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात मोठा वाद झाला. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते; बाधक ज्ञान पुढे आले किंवा ते ज्ञान उपजवणाऱ्या साधनांत दोष आढळला तरच ते अप्रमाण ठरते. नैयायिकांच्या मते प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून ठरते. दूरवर पाणी दिसले. ते खरेच पाणी होते हे तिथे जाऊन तहान भागल्यावर कळते. कृतीचे यश हीच कसोटी. अपरिचित प्रसंगी आपल्याच ज्ञानाबद्दल शंका येते, ही गोष्ट ते आपल्या बाजूने पुढे करतात: प्रामाण्य आतूनच उमगत असते तर ही शंका आलीच नसती.

प्रोग्राम लिहिणाऱ्याची सहज भूमिका मीमांसकाची असते. लिहिला, चालला, म्हणजे बरोबर; कोणी चूक दाखवली तर पाहू. या भूमिकेत तथ्य आहे, कारण प्रत्येक ओळीवर संशय घेत बसणाऱ्याकडून काहीच लिहून होणार नाही. पण बाधक ज्ञान आपोआप चालून येत नाही. ते शोधावे लागते आणि लिहिणाऱ्याला ते शोधणे जड जाते. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रोग्रामिंगच्या मानसशास्त्रावरच्या ग्रंथात याचे कारण सांगितले. माणूस आपल्या प्रोग्रामला आपलाच भाग मानतो, त्यामुळे त्यातली चूक त्याला स्वतःवरचा आघात वाटते. त्यावर अहंकारविरहित प्रोग्रामिंग हा उपाय त्यांनी सुचवला: आपले काम खुल्या मनाने दुसऱ्यापुढे ठेवायचे. दुसरे कारण बौद्धिक आहे. ज्याला लिहिताना एखादी शक्यता सुचली नाही, त्याला तपासतानाही ती सहसा सुचत नाही. अज्ञान एकच आणि ते दोन्हीकडे उमटते. म्हणून चाचणीत परतः प्रामाण्याची बाजू उचलून धरावी लागते.

प्रकल्प कशासाठी

व्याख्यानात समतुल्य गट, सीमामूल्ये, कोड कव्हरेज ही तंत्रे नीट शिकवता येतात. तिथला प्रोग्राम मात्र कोणाचाच नसतो आणि त्यातली चूक कोणालाच लागत नाही. प्रकल्पात विद्यार्थ्याने महिनेच्या महिने घातलेले असतात. मोडून पाहायची वस्तू त्याची स्वतःची असते. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धतीचा पुरस्कार केला. त्यामागे जॉन ड्यूई यांचा विचार होता, ज्यांच्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले. कृतीचे परिणाम भोगताना ज्ञान तपासले जाते आणि दुरुस्त होते, हे ड्यूई यांचे म्हणणे चाचणीच्या शिक्षणाला तंतोतंत लागू पडते.

प्रत्यक्षात प्रकल्प ही संधी पुष्कळदा वाया घालवतो. मुंबईतले विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्प अहवालाला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. त्यात टेस्टिंगचे प्रकरण बहुधा शेवटाकडे असते आणि त्यात एक तक्ता असतो: क्रमांक, वर्णन, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, शेरा. योग्य युजरनेम आणि पासवर्ड टाकला, डॅशबोर्ड उघडायला हवा, डॅशबोर्ड उघडला, पास. अशा दहा-पंधरा ओळी आणि प्रत्येकीपुढे पास. पुष्कळदा हा तक्ता सबमिशनच्या आदल्या आठवड्यात प्रोग्राम न चालवताच लिहिला जातो. यात विद्यार्थ्याच्या आळसापेक्षा मूल्यमापनाच्या रचनेचा वाटा मोठा आहे. गुण डेमोवर आहेत, बाहेरचे परीक्षक अर्ध्या तासात निघून जाणार आहेत, आणि सापडलेला दोष म्हणजे घटलेला गुण. दोष दडवण्यात फायदा असेल तर दोष शोधायची सवय लागणार कशी?

तो तक्ता खरा करायचा तर त्यात व्यतिरेक यायला हवा. नोंदणीच्या अर्जात नावाला अक्षरमर्यादा असते. तिथे ‘क्षितिज’ हे नाव देवनागरीत टाकून पाहावे. डोळ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने ती ७ चिन्हे होतात, कारण क, हलंत, ष आणि वेलांट्या वेगवेगळ्या मोजल्या जातात; यूटीएफ-८ मध्ये साठवले तर २१ बाइट. मर्यादा तपासणारा कोड यांपैकी काय मोजतो आणि डेटाबेस काय मोजतो? दोघांची मोजणी वेगळी असेल तर लांब नाव अर्ध्यात तुटते, कधी जोडाक्षराच्या मधोमध. सीमामूल्य म्हणजे काय, हे अशा एका ओळीतून जितके कळते तितके व्याख्या पाठ करून कळत नाही. शिवाय प्रोग्राम वापरणारा माणूस कोण, हा प्रश्नही सोबत येतो.

मूल्यमापनाची रचना बदलण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते अनुकरणीय आहेत. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक येथे स्टीफन एडवर्ड्स यांनी वेब-कॅट ही प्रणाली विकसित केली. तिच्यात विद्यार्थी प्रोग्रामबरोबर स्वतः लिहिलेल्या चाचण्याही सोपवतो आणि त्या चाचण्या किती खऱ्या व किती व्यापक आहेत यालाही गुण असतात. मायकल गोल्डवॉसर यांनी २००२ साली आणखी एक रीत मांडली: प्रत्येकाच्या चाचण्या वर्गातल्या प्रत्येकाच्या प्रोग्रामवर चालवायच्या. प्रोग्राम टिकला तर गुण, इतरांचे दोष पकडले तर गुण. गॉर्डन फ्रेझर, होसे मिगेल रोहास आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या ‘कोड डिफेंडर्स’ या खेळात एक बाजू प्रोग्राममध्ये सूक्ष्म बदल पेरते आणि दुसरी चाचण्या लिहून ते पकडते. या सगळ्या योजनांत एक तत्त्व समान आहे. दोष सापडणे हा लाभ ठरतो आणि तपासणारा डोळा बाहेरचा असतो.

वाद, जल्प आणि वितंडा

दुसऱ्याच्या कामातले दोष काढायला लावले की वर्गात चढाओढ लागते, आणि तिचे बरेवाईट पाहणे शिक्षकाचे काम आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून चालतो तो वाद; जिंकण्यासाठी चालतो तो जल्प; स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणे ही वितंडा. प्रकल्पातली चाचणी वाद राहिली पाहिजे. दोषाचा अहवाल लिहिताना काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले आणि पुन्हा कसे घडवता येईल, एवढे नेमके लिहिले की तो अहवाल प्रोग्रामबद्दल राहतो, माणसाबद्दल होत नाही. ‘लॉगिन चालत नाही’ असा शेरा वादात बसत नाही, कारण त्यावरून निर्णयाकडे जाता येत नाही.

चाचणी करणारा केवळ वितंडा घालतो, असे कधी कधी मानले जाते. ते खरे नाही. योग्य उत्तर काय, हे आधी ठरवल्याशिवाय कोणतेही उत्तर चुकीचे ठरवता येत नाही. मायर्स यांच्या १४ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न हाच आहे: प्रत्येक चाचणीचे अपेक्षित उत्तर लिहिले का? एलेन वेयुकर यांनी १९८२ साली दाखवले की कित्येक प्रोग्राम असे असतात ज्यांचे योग्य उत्तर सांगणारा कोणी उपलब्धच नसतो. उत्तर ठाऊक नसते म्हणूनच तर प्रोग्राम लिहिलेला असतो. प्रकल्पात विद्यार्थ्याला हा पेच लवकर भेटतो. ग्रंथालयाचे पुस्तक सुटीच्या दिवशी परत करायची मुदत संपली तर दंड लागावा का? कोडमध्ये याचे उत्तर नाही. ते ग्रंथपालाला विचारावे लागते. म्हणून प्रकल्पाला खरा वापरकर्ता असणे ही चाचणी शिकण्याची पूर्वअट आहे.

शंका कुठे थांबवावी

प्रोग्राम चाचणीने तपासायचा, चाचणी म्यूटेशनने तपासायची, मग म्यूटेशन कशाने? प्रामाण्य बाहेरून येते म्हटले की प्रत्येक प्रमाणाला दुसरे प्रमाण लागते आणि अनवस्था ओढवते, हा मीमांसकांचा नैयायिकांवरचा जुना आक्षेप आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त चार्वाकांच्या संशयवादाला दिलेले उत्तर इथेही लागू पडते. शंकेला मर्यादा असते, आणि ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी विसंगत होऊ लागली की संपते. धुरासाठी जो रोज अग्नी पेटवतो, त्याने धूर आणि अग्नी यांच्या संबंधावर शंका घेण्यात अर्थ नाही. पुढे श्रीहर्षांनी यावरही आक्षेप घेतला आणि तो वाद तर्कात पुरता मिटला असे म्हणता येणार नाही. पण शंकेची मर्यादा कृतीच्या संदर्भात ठरते, हा उदयनांचा धागा चाचणीकर्त्याने धरून ठेवावा असा आहे.

प्रोग्राम चुकला तर काय होईल, यावर शंकेची लांबी ठरते. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या नोंदणीसाठी थोडक्या चाचण्या पुरतात. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या बाबतीत त्या पुरल्या नाहीत. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली आणि त्यांतले निदान तीन दगावले. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रातही तसाच सॉफ्टवेअर दोष होता, पण तिथे धोका अडवणारी वेगळी यांत्रिक व्यवस्था होती, त्यामुळे तो कोणाच्या लक्षात आला नाही. नव्या यंत्रात ती व्यवस्था काढून तिचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले गेले. टेक्ससमधल्या टायलर येथे १९८६ साली तिथल्या रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ यांनी तो दोष पुन्हा घडवून दाखवला. सरावलेल्या हाताने माहिती भरून झटपट दुरुस्ती केली की यंत्राची अंतर्गत स्थिती बिघडत होती. हळू टाइप करणाऱ्याला तो दोष भेटलाच नसता. बाहेरच्या डोळ्याची गरज यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही. जुने यंत्र वर्षानुवर्षे सुरळीत चालले, या हेतूतला व्यभिचारही इथे उघड होतो.

यावरून चाचणी शिकवणाऱ्या प्रकल्पाचे साध्य ठरवता येते. निर्दोष प्रोग्राम हे ते साध्य नव्हे. तसा दावा करायला आधारच नाही. आपल्या दाव्याची सीमा ओळखून ती प्रामाणिकपणे लिहून देणारा अभियंता घडवणे, हे साध्य आहे. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत संशयही आहे आणि निर्णयही आहे. एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची शिस्त हीच त्या शास्त्राची शिकवण. प्रकल्प अहवालाच्या चाचणी प्रकरणातही ही शिस्त दिसायला हवी. काय तपासले, कोणत्या चाचण्या आधी नापास झाल्या आणि मग काय दुरुस्त केले, तपासणारा कोण होता, आणि कशाची तपासणी झालेली नाही, या चार गोष्टी त्यात असाव्यात. चौथी सर्वांत महत्त्वाची. गुण देणाऱ्यांनी त्या कबुलीला गुण दिले पाहिजेत, कारण पुढे तो प्रोग्राम ज्याच्या हाती जाईल त्याला कशावर विसंबायचे आणि कुठे सावध राहायचे, हे त्या एका यादीतूनच कळते.